पूना टेपमधली बाई

माझ्या नवऱ्याला कचरा जमवायचा नाद आहे, हे मी लग्न ठरत होतं तेव्हापासून सांगत होते, पण माझं कुणी ऐकलं नाही. "दारू नाही, सिगारेट नाही, नुसती गाणी ऐकतो," म्हणून माझी आई हुरळून गेली. गाणी! कोबाल्ट चेअर नावाचा एक इंग्लिश बँड होता. सहासष्ट ते सत्तर एवढीच कारकीर्द, चार झिपरे. सायकेडेलिक रॉक म्हणतात त्याला. म्हणजे ऑर्गनवर एक सूर धरायचा आणि बारा मिनिटं सोडायचा नाही. बरं, दुकानात मिळणाऱ्या त्यांच्या रेकॉर्ड ऐकून माणूस गप्प बसेल, तर तसंही नाही. ह्या जमातीला हवी असतात ती सुरुवातीच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं, कुणीतरी कोटात माइक लपवून केलेली, ज्यात अर्धा वेळ शेजारचा खोकत असतो.

आणि त्यांचं सोवळं किती कडक! विकायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत, फक्त अदलाबदल करायची. आपली कॉपी मूळ टेपवरून कितवी, ते लिहायचं. मूळ टेप पोस्टानं पाठवायची नाही, हातात द्यायची. ओल्या हातानं मी रुचिरच्या कपाटाच्या तीन फुटांत गेले तरी तो किंचाळतो. आमच्याकडे मुंजीत एवढे नियम नव्हते.

मी उत्तरा. आइंडहोवनला येऊन आम्हाला तेरा वर्षं झाली. रुचिर चिप बनवायच्या मशीनच्या कंपनीत आहे, मी एका बँकेचं सॉफ्टवेअर तपासते, आणि आमची संहिता, वय बारा, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते.

मी सांगतेय तो दोन हजार एकवीसचा एप्रिल. अर्धी दुकानं बंद, रात्री संचारबंदी, घरी दिवसाला एकच पाहुणा यायची परवानगी, आणि बाहेर वसंत ऋतूच्या नावाखाली गारा. मुळात माझ्यानं एका जागी बसवत नाही. मी आल्बर्ट हाइन सुपरमार्केटला दिवसातून तीनदा जायचे. एकदा दूध आणायला, एकदा कोथिंबीर, एकदा मुद्दाम विसरलेलं मीठ. मीटिंग चालू असताना हेडफोन घालून डायनिंग टेबलाभोवती फेऱ्या मारायचे. पुण्याहून रोज कुणी ना कुणी गेल्याचा मेसेज यायचा. फोन खाली ठेवला की पुन्हा उचलावासा वाटायचा आणि उचलला की फेकून द्यावासा वाटायचा. आणि माझ्या डोक्यावर, माळ्यावरच्या खोलीत, तो बारा मिनिटांचा एक सूर. वेड लागायचं बाकी होतं.

त्या जमातीत माझ्या नवऱ्याला मान होता तो एका कॅसेटमुळे. नोव्हेंबर अडुसष्टमध्ये हा बँड इथल्याच नायमेखन शहरात एका डान्स हॉलमध्ये वाजवून गेला. त्या कार्यक्रमाचे तुकडे पुष्कळांकडे होते, पण ऑर्गनचा तो लांबलचक भाग मध्येच तुटलेला. सबंध कार्यक्रम जगात एकाच कॅसेटवर होता, आणि ती रुचिरनं पंधराव्या वर्षी पुण्यात भरून घेतली होती. कोरेगाव पार्कात राहून गेलेल्या कुण्या डच माणसाची कॅसेट रुचिरच्या मित्राच्या मामांकडे आली, तिच्यावरून ही. मामांची पुढे बुरशी लागून गेली, म्हणून हिला महत्त्व. हे लोक तिला 'पूना टेप' म्हणतात. इथं आल्यावर, दोन हजार नऊ साली, रुचिरनं ती नीउ-व्हेनेप गावच्या योस नावाच्या म्हाताऱ्याला दिली आणि बदल्यात बँडच्या अगदी पहिल्या कार्यक्रमाची रीळ घेतली. एवढी मोलाची वस्तू तू देतोस कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. "घरात जागा नाही," म्हणाला. कॅसेटला जागा!

तर ह्या पूना टेपमध्ये एक बाई आहे. ऑर्गनचा सूर अगदी बारीक होतो तिथे, खूप आत, एका बाईचा आवाज येतो. ती कोण, ह्यावर ह्या लोकांनी इंटरनेटवर चौदा पानं वाद घातलाय. कुणी म्हणे गिटारवाल्याची मैत्रीण, कुणी म्हणे शेजारच्या चर्चमधली गायिका. बेल्जियमच्या एकाचं म्हणणं, भूत. योस म्हणायचा, वाद कशाला घालता, मी त्या दिवशी तिथे होतो, एकवीस वर्षांचा होतो, मी तिला पाहिलंय. ऑर्गनच्या शेजारी उभी होती, हिरव्या ड्रेसमध्ये. आणि माझा नवरा म्हणायचा, बाई वगैरे काही नाही, तो टेपचा दोष आहे. नुसता म्हणून थांबला नाही. दोन हजार पंधरात त्यानं सहा महिने खपून त्या टेपची एक साफ आवृत्ती तयार केली. तिच्यात खोकला नाही, खरखर नाही, आणि बाईही नाही. लोकांनी डोक्यावर घेतलं त्याला.

आता ह्या लॉकडाउनमध्ये नवं सॉफ्टवेअर आलं होतं आणि हा पुन्हा तेच साफ करायला बसला होता.

अकरा एप्रिल, रविवार. दुपारी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आला. बाबा म्हणजे माझे सासरे दामोदर, गणिताचे मास्तर, ऐंशीला एक वर्ष कमी. कॅमेऱ्यात नेहमीसारखं त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा. मी फोन घेऊन माळ्यावर गेले. रुचिर पाठमोरा बसला होता आणि स्पीकरवर काहीतरी विचित्र चालू होतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, जे काढून टाकायचं तेवढंच ऐकायची. म्हणजे गाणं बंद, फक्त कचरा चालू. फुसफुस, कुरकुर, आणि तिच्यात एक बाई तुटक तुटक काहीतरी म्हणत होती.

"अरे बंद कर ते, बाबा आहेत," मी ओरडले.

"थांब," फोनमधून बाबा म्हणाले. "बंद करू नका."

कपाळ हललं. त्यांचा अख्खा चेहरा दिसायला लागला.

"कुमुद गातेय," बाबा म्हणाले.

कुमुदिनी म्हणजे रुचिरची आई. तो चार वर्षांचा असताना काविळीनं गेली. मी तिला ओळखते ती हॉलमधल्या फोटोपुरती. रुचिरला तिचा आवाज आठवत नाही. हे त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, लग्नानंतर पहिल्या वर्षी, आणि पुन्हा तो विषय काढू दिला नव्हता.

"ही माझी कॅसेट आहे. तुला कुठे मिळाली?" बाबांनी रुचिरला विचारलं.

रुचिरनं स्पीकर बंद केला. "बाबा, हे इंटरनेटवरचं आहे. परदेशी गाणं. तुम्हाला भास होतोय."

"भास तुला होत असतील. बायकोचा आवाज ओळखू येणार नाही मला? पुढचं लाव."

"बाबा, आवाज कट होतोय... नेटवर्क..." असं म्हणत माझ्या शहाण्या नवऱ्यानं माझ्या हातातल्या फोनचं लाल बटण दाबलं. माझ्या डोळ्यांदेखत!

मी त्याचं जॅकेट त्याच्या अंगावर टाकलं आणि त्याला कालव्याच्या कडेला घेऊन गेले. गारा पडत होत्या, पडू देत. दोन किलोमीटर चाललो. मग एका बंद कॅफेसमोर उभं राहून सगळं ओकला.

कुमुदिनीताई जायच्या आधी काही महिने बाबांनी त्यांचं गाणं टेप केलं होतं. मुलाला निजवायला त्यांनी स्वतःच जुळवलेलं गाणं होतं ते. कॅसेटवर बाबांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'घरगुती'. त्र्याण्णव साली मित्राच्या मामांची कॅसेट एका संध्याकाळपुरती मिळाली, घरात कोरी कॅसेट नव्हती. रुचिरनं कपाटातून ही काढली. कुणी चुकून पुसू नये म्हणून बाबांनी तिच्या मागच्या दोन्ही खिट्ट्या मोडून ठेवलेल्या. ह्यानं तिथे चिकटपट्टी लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

"खिट्ट्या मोडलेल्या असल्या म्हणजे कुणीतरी जपून ठेवलीय, एवढं पंधराव्या वर्षी कळतं ना रे?"

"कळतं," रुचिर म्हणाला. "कळलं होतं. मला वाटलं, कुणाच्या तरी सत्यनारायणाची असेल."

दोन महिन्यांनी आईच्या तिथीला बाबा कॅसेट शोधायला लागले. घर उलटंपालटं केलं. तेव्हा ह्याला उमजलं आपण काय केलं ते, आणि ह्याची जीभ टाळ्याला चिकटली. बाबांनी आळ घेतला तो वसुधाकाकूंवर, धाकट्या भावाच्या बायकोवर, कारण रंगकामाच्या वेळी कपाट त्यांनी आवरलं होतं. बिचाऱ्या शपथा घेत राहिल्या. बाबांनी पंचवीस वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या, त्या तशाच. आणि आता बाबांची औषधं, डबा, डॉक्टर सगळं कोण बघतंय, तर काकूंचा मुलगा दत्ता.

तो जुना रेकॉर्डर पुसायचं काम नीट करायचा नाही, म्हणून खाली आवाज थोडा उरला. अख्खं जग त्या आवाजावर वाद घालत बसलं.

"तुला माहीत होतं, ती बाई कोण ते?"

"नव्हतं माहीत. अगं, आवाज आठवतच नाही तर ओळखणार कसा?" मग म्हणाला, "शंका होती. म्हणून तर घरात ठेववत नव्हती ती कॅसेट. म्हणून तर साफ केली."

"म्हणजे दोनदा पुसलीस."

तो रडायला लागला. मला त्याची दया आली, आणि तितकाच रागही. मी म्हटलं, "आता बाबांना सांग." तो म्हणाला, "सांगतो. आधी पूर्ण ऐकवतो, मग सांगतो." मी म्हटलं, "सौदा नाही करायचा ह्याच्यात." पण फोन करायला त्याचे हात धजेनात.

बुधवारी दत्ताचाच फोन आला. बाबांना कोविड झाला होता. हॉस्पिटलात बेड नाही, घरीच ऑक्सिजन लावलाय, आकडा अठ्ठ्याऐंशीच्या वर जात नाही. "काका दुसरं काही बोलतच नाहीत," दत्ता म्हणाला. "रुचिरला म्हणावं पूर्ण ऐकव, एवढंच चाललंय. काय आहे रे ते?"

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात कुणी धड बसलं नाही, धड जेवलं नाही. मी रुचिरला म्हटलं, जा, मिळेल त्या विमानानं जा. तो म्हणाला, "रिकाम्या हातानं जाऊ? काय सांगू त्यांना?" रात्रंदिवस त्या फाइलशी झटत होता, पण तिच्यातून तीन तुटक्या ओळींपलीकडे काही निघेना. ती फाइल योसनं केलेली, टेपची खरखर गाळून. त्या गाळणीत कुमुदिनीताईंचं बरंचसं गाणं वाहून गेलेलं. राहिलं असेल तर त्या कॅसेटवरच राहिलं असेल.

रुचिरनं योसला फोन लावला. योस चौऱ्याहत्तर वर्षांचा, फुप्फुसं निकामी झालेली, वर्षभर घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तो म्हणाला, घरात कुणाला घेणार नाही. कॅसेट बाहेर देणार नाही. पोस्टानं तर नाहीच, तुला नियम माहीत आहे. आणि रुचिर आपला आवाजाची प्रत, टेपची गती, असलं काहीतरी पुटपुटत बसला. खरं कारण तोंडातून निघेना. आठ दिवस साठलेलं माझं डोकं तिथे फिरलं. मी फोन हिसकावला आणि माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हटलं, "साहेब, तुमच्या टेपमधल्या बाईचा नवरा पुण्यात आजारी आहे. त्याला तिचा आवाज ऐकायचाय. फार वेळ नाहीये."



"कुठली बाई?"

"हिरव्या ड्रेसवाली. ती माझी सासू आहे."

योसला खोकल्याची उबळ आली. मग म्हणाला, "शनिवारी दोन वाजता या. खिडकी उघडी ठेवतो."

चोवीस एप्रिल. कोरडं ऊन होतं आणि वारा असा की कान तुटून पडतील. नीउ-व्हेनेपला एकसारख्या घरांच्या रांगेत योसचं घर. तळमजल्याची खिडकी सताड उघडी, आत हा ओव्हरकोट, टोपी आणि मास्क घालून बसलेला. खिडकीच्या कट्ट्यावर दोन स्पीकर आमच्याकडे तोंड करून ठेवलेले. आम्ही तिघं फुटपाथवर. समोरच्या घरातली बाई पडदा सारून बघायला लागली.

रुचिरनं पिशवीतून ती पहिल्या कार्यक्रमाची रीळ काढून कट्ट्यावर ठेवली. बारा वर्षं मला हात लावू दिला नव्हता त्या डब्याला. "अदलाबदल," म्हणाला. योसनं मान हलवली आणि डब्यावर सॅनिटायझरचे चार फवारे मारले. दुसरी कुठली वेळ असती तर माझा नवरा बेशुद्ध पडला असता. आत्ता त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

योसनं कॅसेट वर धरून दाखवली. रुचिरनं लहानपणी लावलेल्या इंग्लिश स्टिकरचा एक कोपरा सुटला होता. आमच्या संहितानं नखानं तो अलगद उचलला. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं, 'घरगुती'.

"आजोबांचं अक्षर," संहिता म्हणाली. डचमध्ये म्हणाली, पण म्हणाली.

मी पुण्याला फोन लावला. तिथे साडेपाच वाजले होते. दत्तानं उचलला, मास्कवर मास्क लावलेला. त्यानं फोन बाबांकडे वळवला. दोन आठवड्यांत माणूस अर्धा झाला होता. नाकावर ऑक्सिजनची नळी, गाल आत गेलेले. डोळे मात्र वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या पोरावर रोखावेत तसे रोखलेले.

"मिळाली?"

"मिळाली, बाबा."

"कुणाकडे होती?"

रुचिरनं माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम तोंड फिरवलं. काही गोष्टी बायकोनं करायच्या नसतात.

"माझ्याकडे," रुचिर म्हणाला. "मीच घेतली होती कपाटातून. तिच्यावर दुसरं गाणं भरलं. बाबा, आईचं गाणं मी पुसलं. काकूंनी काही केलं नव्हतं. मी इतकी वर्षं बोललो नाही."

स्क्रीन हलला. छत दिसलं, पंखा दिसला, मग भिंत. मला वाटलं आता दत्ता फोन ठेवून निघून जाईल, आणि गेला असता तर त्याला कुणी काय म्हणणार होतं? पण फोन पुन्हा बाबांवर आला.

"गाढवा," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली. "दत्ता, ऐकलंस?"

"ऐकलं, काका."

"तुझ्या आईला मी..."

"काका, बोलू नका. दम लागतोय." दत्तानं त्यांची नळी सरळ केली. "फोन धरलाय मी. तुम्ही ऐका."

बाबांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं. "लाव," म्हणाले.

योसनं बटण दाबलं. तो ऑर्गन सुरू झाला. पंधरा वर्षं मी ज्याच्या नावानं बोटं मोडली तो सूर नीउ-व्हेनेपच्या त्या रस्त्यावर पसरला. खरखर इतकी की मला काही सुधरेना. संहितानं फोन स्पीकरला जवळजवळ चिकटवून धरला होता. मग सूर बारीक होत गेला, आणि खरखरीच्या आत, लांबच्या खोलीतून यावा तसा, आवाज आला. कुणी खास गाणारी बाई नव्हती ती. मुलाला थोपटताना आपण म्हणतो तसं गात होती, मध्येच श्वास घेत.

"एक चिमणी, दोन चिमण्या, तिसरी कुठे गेली..."

पुढची ओळ ऑर्गननं गिळली. रुचिर खिडकीत वाकला, जणू हातानं ओढून काढणार होता. आणि तेवढ्यात फोनमधून एक घोगरा, बेसूर, धापा टाकणारा आवाज आला.

"रुचूच्या पापणीखाली... गुपचूप निजली."

बाबा गात होते. घरच्या आरतीतसुद्धा नुसते ओठ हलवणारा माणूस! दत्ता म्हणाला, "काका, नका ना," तर म्हणाले, "गप रे." ती गायली की ते थांबायचे. ऑर्गननं तिला झाकलं की ते पुढची ओळ म्हणायचे. एकूणचाळीस वर्षांपूर्वीचं गाणं, एक शब्द अडखळला नाही. चार कावळे झाले, सात पोपट झाले, गणिताच्या मास्तरांच्या घरातली अंगाई ती, आकडे काही संपत नव्हते. मी फुटपाथवर उभी राहून हमसून हमसून रडत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

मग ती प्रसिद्ध जागा आली. सगळा बँड अचानक थांबतो, चार सेकंद पूर्ण शांतता, आणि मग ड्रम. ह्या चार सेकंदांवर ही मंडळी जीव टाकतात. रुचिरच्या साफ आवृत्तीत तिथे टाचणी पडली तरी ऐकू येईल. ह्या कॅसेटवर शांतता नव्हतीच. तिथे ती होती, एकटी, वर काही नसलेली.

"रुचू, नको हं. नको दाबू ते बटण. आई गातेय ना..."

आणि ड्रम वाजले.

रुचिर खाली बसला. सरळ फुटपाथवर, भिंतीला पाठ लावून. तोंडावर दोन्ही हात.

"धावत आला होतास रेकॉर्डरकडे," बाबा सांगत होते. एकेक शब्द सुटा. "लाल बटण आवडायचं तुला. तिनं... एका हातानं धरलं होतं तुला. गाणं चालूच."

योसनं मास्क खाली ओढला होता. संहितानं त्याला भराभर डचमध्ये सगळं सांगितलं, चिमण्या, कावळे, बटण. तो ऐकत राहिला. "म्हणजे ती नायमेखनला नव्हतीच," म्हणाला. "पण मी तिला पाहिलं होतं. पन्नास वर्षं मला तिचा ड्रेस दिसतोय." स्पीकरवर ते चौघं झिपरे जोरजोरात बडवत होते. गाण्याची जागा होऊन गेली होती. पुढे बाईचा आवाज येत नाही हे ह्या लोकांना पाठ असतं, आणि टेप उगाच झिजवायची नाही हा त्यांचा नियम. सवयीनं योसचा हात बटणाकडे गेला.

"नको!" रुचिर ताडकन उठला. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात आपटून ओरडला, "नको दाबू! नको दाबू ते बटण!"

मराठीत ओरडला. योसला कुठून मराठी कळणार? पण त्यानं हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

पुढे बँड वाजत राहिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी खोकलं, टाळ्या थांबल्या, नुसती खरखर राहिली. इकडे आम्ही चौघं आणि तिकडे ते दोघं ती खरखर कान देऊन ऐकत होतो. समोरची बाई दार उघडून पायरीवर येऊन उभी राहिली होती. शेवटी टेप संपली आणि बटण आपलं आपण टक करून वर आलं.

बाबा डोळे मिटून पडले होते. रुचिरनं घाबरून हाक मारली, "बाबा?"

त्यांनी डोळे उघडले.

"दुसऱ्या बाजूलाही गायलीय ती," बाबा म्हणाले. "त्यांना म्हणावं, कॅसेट उलटी करून लावा."